मिरासदार, दत्ताराम मारुती

(१४ एप्रिल १९२७ – २ ऑक्टोबर २०२१). मराठी विनोदी कथाकार व कथाकथनकार. जन्म अकलूजचा, जडणघडण पंढरपूरची. काही काळ पत्रकारिता, मग शाळेत मास्तरकी आणि पुढे पुण्याच्या गरवारे महाविद्यालयात मराठीचे अध्यापन.

कथाकथन : व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार या त्रयीने कथा छापील पानावरून व्यासपीठावर आणली आणि गावोगाव गर्दी खेचली. मिरासदारांच्या कथेची घडणच तोंडी सांगण्याची. वाक्ये आखूड, संवाद भरपूर आणि थाप जितकी मोठी तितका सांगणाऱ्याचा चेहरा गंभीर. लोक हसून लोळत, पण मिरासदार हसत नसत. मुद्रित कथेचा विचार करतानाही हा आवाज बाजूला ठेवता येत नाही.

विनोदी कथा : भोकरवाडी हे नाना चेंगट, बाबू पैलवान, गणामास्तर, शिवा जमदाडे अशा रिकामटेकड्या कंपूचे काल्पनिक गाव. गावात काही घडले की कंपू जमतो, प्रत्येक जण अक्कल पाजळतो, मसलत ठरते आणि अंगाशी येते. ‘भुताचा जन्म’मध्ये कानोकानी फिरणारी गोष्टच भूत घडवते. ‘व्यंकूची शिकवणी’त शिकवायला गेलेलाच शिकून परततो. पुस्तकी हुशारीपेक्षा व्यवहारातली चलाखी वरचढ ठरते, हे मिरासदार कुठेही बोधाच्या सुरात सांगत नाहीत.

गंभीर कथा : संख्येने थोड्या. ‘विरंगुळा’तला तात्या हा ओढगस्तीतला कारकून. कुणी गेल्याचे कळले की त्याच्या अंगात उत्साह संचारतो. सामान आणणे, तिरडी बांधणे, माणसे हलवणे यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. एरवी ज्याला कुणी विचारत नाही, त्याच्या शब्दाला तेवढ्या काही तासांत वजन येते. विनोदी लेखक म्हणून झालेल्या ख्यातीमुळे ही बाजू झाकोळली.

समीक्षा : खेड्यातले दारिद्र्य व जातवास्तव या विनोदात पुरेसे येत नाही, असा आक्षेप घेतला जातो. त्यांना ग्रामीण कथाकार म्हणावे की विनोदी, याबाबतही एकमत नाही.

संग्रह : ‘माझ्या बापाची पेंड’, ‘हुबेहूब’, ‘चकाट्या’, ‘मिरासदारी’ इ.

चित्रपट : ‘एक डाव भुताचा’ (१९८२) – पटकथा, संवाद व हेडमास्तरांची भूमिका.

नाट्यलेखन : ‘मी लाडाची मैना तुमची’.

सन्मान : अध्यक्ष, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, परळी वैजनाथ (१९९८).