वीस दिवसांची वाट : पैठणचा माल आणि परदेशी बाजार



पैठण म्हटले की आपणास नाथांचा वाडा आठवतो, नाथसागराचे अथांग पाणी आठवते आणि लग्नघरात मोठ्या अदबीने उलगडली जाणारी पैठणी आठवते. शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत या गावाच्या बाजाराची कथा कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. आपल्या वर्गांत बसणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरी हुनर आहे. कोणाकडे माग आहे, कोणाकडे लेथ, कोणाकडे शिलाईचे यंत्र. परंतु त्या हुनराचा माल अखेर कोठे जातो आणि मधला पैसा कोणाच्या हाती राहतो, हे त्या घरात बहुधा कोणालाच सांगता येत नाही. हा प्रश्न पैठणला दोन हजार वर्षांपूर्वीही पडला होता, आणि त्याचा लेखी पुरावा उपलब्ध आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसर देशातील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तिला 'पेरिप्लस' म्हणतात. लिहिणाऱ्याचे नाव टिकले नाही, पण त्याचे पुस्तक म्हणजे निव्वळ धंद्याची वही आहे : कोणत्या बंदरात काय विकावे, काय घ्यावे, कोठे जपून राहावे. त्यात पैठण आहे. बारिगाझा म्हणजे भडोच. तेथून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणहून अकीकाच्या जातीचा दगड मोठ्या प्रमाणावर जाई. आपल्या बुजुर्गांच्या अंगठीत असतो, तोच हा अकीक. तेरहून साधे कापड आणि नाना प्रकारची मलमल जाई. हा सारा माल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला उतरत असे.

आता आपण नकाशा उघडून पाहावा. पैठणहून समुद्र गाठायचा तर जुन्नरवरून नाणेघाट उतरून कल्याण कितीतरी जवळ पडते. ही वाट सातवाहनांना चांगली ठाऊक होती. घाटाच्या माथ्यावर राणी नागनिकेचा लेख त्यांनीच कोरविला. मग पैठणच्या गाड्या भडोचकडे का वळल्या? याचेही उत्तर त्या अनाम व्यापाऱ्यानेच दिले आहे. थोरल्या सारगनाच्या काळात कल्याण हे रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे ते सांदनेसच्या हाती गेले आणि त्याची कोंडी झाली. चुकून एखादे ग्रीक जहाज तेथे लागलेच, तर ते पहाऱ्यात भडोचला नेले जाई. हा सांदनेस कोण, यावर पंडितांचे वाद आहेत. ते पंडितांवर सोपवू. भडोच मात्र त्या वेळी शक क्षत्रप नहपानाच्या अमलाखाली होते आणि सातवाहनांशी त्याचे वैर होते, यात शंका नाही.

याचा अर्थ पैठणच्या कारागिरास काय झाला असेल? त्याचा दगड तोच, हात तोच, गिऱ्हाईकही तेच. बदलले ते एवढेच की मालाला शत्रूच्या बंदरातून जावे लागे. तेथली जकात, तेथला दलाल, तेथला भाव. रोमकडून हिंदुस्थानात येणारे धन थोडेथोडके नव्हते. प्लिनी नावाचा रोमन लेखक त्याच शतकात तक्रार करतो की, हिंदुस्थान दरसाल आमच्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो आणि तेथला माल आमच्याकडे मूळ किमतीच्या शंभरपट भावाने विकला जातो. शंभरपट! या शंभरातला किती हिस्सा पैठणच्या मणीकाराच्या पदरात पडला असेल, याचा विचार आपणच करावा.

या कोंडीच्या काळात कारागिरांच्या संघटना मात्र मोडल्या नव्हत्या. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले. कोठे ठेवले, तर गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक या दराने. दुसरीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या उत्पन्नातून वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावयाचे. हिशेब करून पाहा, तंतोतंत जुळतो. व्याजाचा मुद्दा आपल्या काही वाचकांस खटकेल, तो येथे बाजूला ठेवू. राजाचा जावई आपली कायमची ठेव कोण्या सावकाराकडे न ठेवता मागावर बसणाऱ्या लोकांच्या मंडळाकडे ठेवतो, इकडे लक्ष द्यावे. मंडळाची पत होती, वही होती आणि शब्दाला वजन होते.

नंतर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. त्याच्या पराक्रमाची वर्णने शाळेच्या पुस्तकांत आहेत. आम्हास त्यातले एक कृत्य लढाईइतकेच मोलाचे वाटते. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप उमटविला होता. जिंकलेल्या शत्रूचे नाणे त्याने रद्द केले नाही, वितळविलेही नाही; त्यावर फक्त आपली खूण मारली. म्हणजे व्यापाऱ्याच्या थैलीतील भांडवल एका रात्रीत माती झाले नाही. पुढच्या सातवाहन राजांनी तर क्षत्रपांच्याच धर्तीची, राजाचा चेहरा असलेली चांदीची नाणी पाडली. पश्चिमेच्या बाजारास ज्या वजनाच्या आणि घडणीच्या नाण्याची सवय होती, तसलेच नाणे त्यांनी दिले. आजच्या भाषेत याला गिऱ्हाइकाचे मानक पाळणे म्हणतात. मोठेपणाच्या भरात ते हे टाळूही शकले असते.

परिणाम पुराव्यात दिसतो. सुमारे १५० साली टॉलेमी या भूगोलकाराने पैठणची नोंद पुळुमावी राजाची राजधानी म्हणून केली. अलेक्झांड्रियात बसलेल्या माणसास गोदाकाठचा राजा नावानिशी माहीत होता. यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज दिसते. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणचे व्यापारी दान देताना भेटतात. पैठणचे लोक तर त्याआधीपासून दूरदूर दिसतात : पितळखोऱ्याच्या लेण्यात एका खांबावर पैठणच्या मितदेवाचे नाव आहे. तो गंधी होता, म्हणजे आपल्या भाषेत अत्तरवाला.

यानंतरची काही शतके आपण भरभर ओलांडू. मात्र एक दार उघडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. राष्ट्रकूटांच्या अमलात पैठण होते. गोविंद तिसऱ्याचा ७९४ चा ताम्रपट पैठणलाच मिळाला. या राजांनी समुद्रव्यापारासाठी परक्यावर किती भरवसा टाकला, ते पाहा. पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे ९२६ सालचा संस्कृत ताम्रपट सापडला. त्यावरून कळते की कृष्ण दुसऱ्याने संजाण प्रांताचा कारभार मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे दिला होता. मधुमती हे मुहंमद या नावाचे संस्कृत रूप होय. त्याने दोन नद्यांवर मोफत तर चालू केली आणि वाटसरूंसाठी अन्नछत्र घातले, तेथे भात, कालवण आणि तूप मिळे. एका ब्राह्मणाने उभारलेल्या देवीच्या मठिकेस जमीन देण्यासही त्याने मान्यता दिली. याच सुमारास, हिजरी ३०४ मध्ये, मसूदी हा बगदादचा इतिहासकार चौल बंदरात आला. तेथे सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले आणि तेथेच जन्मलेले मिळून दहा हजार मुसलमान असल्याचे तो लिहितो. त्यांच्या प्रमुखास 'हुनरमन' म्हणत.

आता मागाकडे येऊ. पैठणी हे पैठणचे, हिमरू आणि मशरू हे औरंगाबादचे वैभव. मशरू या अरबी शब्दाचा अर्थ शरीअतने मान्य केलेले. पुरुषांनी अंगाला रेशीम लावू नये म्हणून आतली बाजू सुती आणि बाहेरची रेशमी. गिऱ्हाइकाचा दीन समजून घेऊन कापड घडविणारा विणकर अडाणी नव्हता, हे आपण मुलांना सांगितले पाहिजे.

पण हे वैभव दरबारावर अवलंबून होते. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि मोठे गिऱ्हाईक गेले. गिरणीचे कापड आले. १८८९ मध्ये औरंगाबादेस सूतगिरणी व कापडगिरणी निघाली. १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली, ती औरंगाबाद–जालन्यावरून गेली. पैठणला रेल्वे आली नाही, आजही नाही. जे गाव दोन हजार वर्षे वाटेवर होते, ते वाटेच्या बाजूला पडले. निजामाच्या राजघराण्याने पैठणीस आश्रय दिला, राजकन्या निलोफर यांनी नवे नक्षीकाम सुचविले असेही सांगतात. पण दरबारी आश्रय तो दरबारीच. पुढे महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाने पैठणला केंद्र चालवून नव्या हातांना, विशेषतः बायकांना, ही विद्या शिकविली. हे काम मोलाचे झाले.

१९९१ चे संकट अनेक वाचकांच्या आठवणीत असेल. परकीय चलन संपत आले आणि देशास ४७ टन सोने विलायत व जपानच्या बँकांकडे गहाण ठेवावे लागले. त्यानंतर आयातीचे दरवाजे उघडले. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून होता आणि त्याला सुटे भाग देणाऱ्या लहान लहान कारखान्यांची रांग लागली होती. त्यांना आता जगाच्या मापाने माल द्यावा लागला. सुटा भाग चांगला आहे एवढे पुरत नाही, तो चांगला असल्याचा कागद लागतो. आणि तपासणीची यंत्रे एकट्या लहान कारखानदारास परवडत नाहीत. केंद्र सरकारच्या मदतीने वाळूजला उभे राहिलेले मराठवाडा ऑटो क्लस्टर अशी सामाईक सोय देते. गोवर्धनच्या श्रेणीची आठवण व्हावी, असे हे काम आहे.

पैठणीच्या बाबतीत तेवढी मजल अजून गाठलेली नाही. रेशीम कर्नाटकातून येते, जर सुरतेहून येते, साडी शहरातल्या दुकानात जाते आणि तेथून परदेशात राहणाऱ्या मराठी घरांपर्यंत पोहोचते. साखळी जगभर पसरली आहे, विणकर मात्र तिच्या मधल्या एका कडीत मजुरीवर बसलेला आहे. २०१० साली पैठणीस भौगोलिक मानांकन मिळाले. पण गावाला नाव मिळाले म्हणून विणकरास आपोआप हक्क मिळत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून त्याने स्वतःची नोंदणी करावी लागते, आणि यंत्रमागावरची नक्कल पैठणी म्हणून विकली जात असेल तर तक्रार करण्याइतके कागद हाती असावे लागतात. येथे आमच्या मुलामुलींच्या तालमीचा संबंध येतो. ज्या घरात माग आहे, त्या घरात अर्ज भरणारा, इंग्रजी पत्र वाचणारा, पावती जपणारा एक जण हवा.

आमची संस्थेस एक सूचना आहे. वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका वर्षात एका मागाचा पुरा हिशेब लिहावा. रेशीम किती आणि कोणाकडून, जर कोणत्या भावाने, एका साडीस दिवस किती गेले, मजुरी काय मिळाली, आणि तीच साडी शहरातल्या दुकानात कोणत्या किमतीस लागली. विणकराचे नाव लिहू नये, आकडे मात्र खरे लिहावेत. सुरुवात रेशमाच्या पावतीपासून करावी. पावती मिळत नसेल तर पहिल्या पानावर तेच लिहावे.