मालवणी बोली नाटकात मानाने बसली

श्रोतेहो, आपल्या मालवण-कुडाळच्या मुलखात नाटकाला तोटा नाही. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की देवळापुढे रात्रभर दशावतार रंगतो. पेटी, पखवाज आणि झांज एवढीच साथ. लिहिलेले संवाद नाहीत, नट उभ्या उभ्या बोलणी रचतात. पण एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली आहे काय? देव आणि राजे बोलतात ती पोथीतली मराठी. घरची मालवणी येते ती संकासुराच्या तोंडी, तीही हशापुरती!

मुंबईतही निराळे नव्हते. गिरणगावात कोकणचा माणूस हजारोंनी राहात होता, पण शहरी नाटकात त्याची बोली बोलायची ती बहुधा घरगड्याने.

ही रीत मोडली १९८० साली. राजापूर तालुक्यातील माडबनचे गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ हे नाटक त्या वर्षी व्यावसायिक रंगभूमीवर आले. मालवणजवळच्या रेवंडीचे मच्छिंद्र कांबळी त्यात तात्या सरपंच झाले. गावची मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचा खेळ लावतात आणि पदोपदी फजिती होते, एवढेच कथानक. पण गावकरी बोलतात ते थेट मालवणीत.

आरंभी प्रेक्षक फिरकेनात. नाटक बंद पडते की काय, अशी वेळ आली. तेवढ्यात पु. ल. देशपांडे यांनी प्रयोग पाहिला आणि मनापासून दाद देणारे पत्र धाडले. ते जाहिरातीत छापले गेले आणि ‘हाऊसफुल्ल’चा फलक झळकू लागला. पुढे प्रयोगांची संख्या पाच हजारांवर गेली. नुसत्या एका पत्राने हे घडत नाही, मंडळी. चाकरमान्याला नाट्यगृहात आपला गाव भेटला, आणि ज्यांना मालवणी येत नव्हती तेही पोट धरून हसले. योगायोग असा की १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हाही वेगळा झाला.

या यशाला दुसरी बाजू आहे. मालवणी म्हणजे विनोद, ही समजूत त्यामुळे अधिकच घट्ट झाली. कांबळी २००७ साली गेले. ती समजूत मात्र अजून पुरती गेलेली नाही. आपल्या घरांत याच बोलीत भांडणे होतात, गाऱ्हाणी घातली जातात, मयताला रडतात. तेव्हा ती केवळ हसण्याची कशी?

गुरुजी आणि बाई, तुम्हांला मुद्दाम एक विनंती. वर्गात एखादे पोर म्हणाले, “माका येणा नाय,” तर इतरांना हसू देऊ नका. “हे घरचे बोलणे, आणि ‘मला येत नाही’ हे पुस्तकातले,” असे दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. पोर पुस्तकाची भाषा शिकेलच. आपल्या आईच्या बोलीची लाज मात्र त्याला शाळेत शिकावी लागू नये.