ढगातला सातबारा

परवा नातवानं मोबाइलवर आमच्या शेताचा सातबारा दाखवला. म्हणाला, "आजोबा, क्लाउडवर ठेवलाय." मी खरंच आभाळाकडं बघितलं. हसू नका मंडळी!

नायगाव बिलोली तालुक्यात होतं तेव्हाची गोष्ट. सातबारा म्हणजे तलाठ्याचं कापडात बांधलेलं दप्तर. एका पावसाळ्यात ते भिजलं, आमचं पान चिकटून फाटलं. नक्कल मिळेना. वडिलांचं सोसायटीचं कर्ज हुकलं, पेरणीला आईची पाटली गेली.

१ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. आणि क्लाउड? दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर भाड्यानं घेतलेली जागा. फाइलच्या नकला एकाहून जास्त ठिकाणी. एक यंत्र बिघडलं तर दुसरं असतंच. भाडं वापराप्रमाणे, विजेच्या मीटरसारखं. अशी कल्पना जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्येच मांडली होती. अ‍ॅमेझॉननं २००६ मध्ये अशी जागा भाड्यानं द्यायला सुरुवात केली. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टची केंद्रं पुण्या-मुंबईत आली. म्हणजे ढग कसला, जमिनीवरच्या इमारतीच त्या! आमच्याकडं रेंज गेली की मात्र तो ढगच.

मी सातबारा छापून वडिलांच्या ट्रंकेत ठेवला. नातू हसला. म्हटलं, ही पण एक नक्कलच की रे.