आठ शब्दजाती आणि मराठीचे शब्दयोगी अव्यय

इ. स. 1836 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध झाले. मराठीच्या शालेय व्याकरणाला त्याने जे वळण दिले, त्यामागे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. यास्काने पदांचे नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चार प्रकार सांगितले; पाणिनीने पदाची व्याख्या सुबन्त आणि तिङन्त या दोन भेदांनी केली. मराठीत रुळलेल्या आठ शब्दजाती मात्र ग्रीक-लॅटिन परंपरेतून इंग्रजीमार्गे आल्या. लिंडले मरे याच्या 1795च्या इंग्रजी व्याकरणात त्या नऊ आहेत; मराठीला नसलेले उपपद वगळता आठ उरतात.

या आठ जाती मराठीला कितपत मानवल्या, याची कसोटी शब्दयोगी अव्ययाच्या ठिकाणी लागते. इंग्रजीतील तत्सम जातीच्या नावातच पूर्वस्थान सूचित आहे. मराठीत ही अव्यये नामानंतर येतात. म्हणून 'शब्दाला जोडले जाणारे' अशी संज्ञा मराठीत रूढ झाली. संज्ञा बदलली, वर्गीकरणाचा खण मात्र तोच राहिला.

'रोहा' हे ग्रामनाम उदाहरणादाखल घेता येईल. 'रोह्यात' आणि 'रोह्यामध्ये' या दोहोंत 'रोह्या' हेच सामान्यरूप आहे आणि अर्थही एकच आहे. तरीही पहिले रूप सप्तमीच्या प्रकरणात जाते, दुसरे शब्दयोगी अव्ययाच्या. 'त' स्वतंत्रपणे येत नाही, 'मध्ये' येते, असे याचे समर्थन करता येते. ते ग्राह्य धरले, तरी प्रश्न मिटत नाही. कारण 'रोह्याजवळ कुंडलिका वाहते' या वाक्यात शब्दयोगी असलेले 'जवळ' 'नदी जवळ आहे' या वाक्यात क्रियाविशेषण ठरते. उलट 'रोहासुद्धा' या रूपात नामाला विकारच होत नाही. अशा अव्ययांसाठी 'शुद्ध शब्दयोगी' हा पोटभेद कल्पावा लागला. किंबहुना, स्थलवाचक 'जवळ' आणि भर देणारे 'सुद्धा' यांना एकत्र आणणारी गोष्ट एवढीच, की दोन्ही शब्दाला जोडून लिहिली जातात.

मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (1911) आणि अरविंद मंगरूळकरांचे 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' (1964) या ग्रंथांनी व्याकरणविचार पुढे नेला. वर्गात मात्र आठांची यादी अद्याप पाठच केली जाते. शब्दाची जात वाक्यातील कार्यावरून ठरते, हे त्या पाठांतरात हरवते. आणि मराठीचे वेगळेपण जेथे प्रकट होते, ती स्थळे केवळ अपवाद म्हणून शिकवली जातात.