मकर: एका जलचराचे नाव

मकर हा पुराणकथांतला जलचर: सोंड हत्तीची, जबडा सुसरीचा, शेपूट माशाचे किंवा वेलबुट्टीसारखे वळलेले. बराबर टेकड्यांतल्या लोमश ऋषी लेण्याच्या कमानीवर तो इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातच दिसतो. वरुण आणि गंगा यांचे तो वाहन. वेरूळच्या २१व्या लेण्यात गंगा त्याच्यावरच उभी आहे. मदनाच्या ध्वजावरही मकरच, म्हणून तो मकरध्वज. हेच नाव हनुमानाच्या पुत्राला मिळाले आणि पारा, गंधक व सोने यांपासून केलेल्या आयुर्वेदिक रसायनालाही. घामाच्या थेंबातून जन्मलेला पुत्र आणि वैद्याची मात्रा यांचे नाव एकच, हे गमतीचेच!

राशिचक्रातली त्याची जागा मात्र उसनी आहे. बाबिलोनी आणि ग्रीक परंपरेत त्या जागी अर्धा बोकड, अर्धा मासा होता. भारतीय ज्योतिषांनी तिथे आपला मकर बसवला. संक्रांतीचे नाव त्यावरूनच पडले.

महाराष्ट्रातल्या जुन्या शिवालयांत गाभाऱ्याच्या उत्तर भिंतीबाहेर मकरप्रणाल असते. अभिषेकाचे पाणी मकराच्या उघड्या जबड्यातून खाली पडते. पंढरीच्या विठ्ठलाच्या कानांत मकरकुंडले आहेत. भाविक त्यांना मासेच म्हणतात.