काळ्यांतून पांढरं

‘ब्लाँ द न्वार’ म्हणजे ‘काळ्यांपासूनचं पांढरं’: गडद द्राक्षांपासून केलेली पांढरी शँपेन. गडद द्राक्षाला फ्रेंच माणूसही आपल्यासारखंच काळं म्हणतो. यातला ‘न्वार’ लॅटिन ‘निगेर’चा वंशज. ‘ब्लाँ’ मात्र बाहेरचा: लॅटिन ‘आल्बुस’ला मागे सारून फ्रेंचमध्ये रुजलेला जर्मानिक शब्द, मूळ अर्थ ‘चकाकणारा’. शँपेनच्या पेल्याला हा जुना अर्थच जास्त शोभतो!

रंग सगळा सालीत, गर जवळपास बिनरंगी. तो रसात उतरू नये म्हणून शँपेन प्रांतात पिनो न्वार आणि मनिए ही द्राक्षं हातानं खुडतात आणि अख्खे घड हलकेच दाबतात. ४००० किलोंमागे रस घ्यायचा जास्तीत जास्त २५५० लिटर. ‘मनिए’ म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा. या वेलीच्या पानांखाली पीठ उडाल्यासारखी पांढरी लव असते. किती नेमकं नाव!

शार्दोने या पांढऱ्या द्राक्षाच्या ‘ब्लाँ द ब्लाँ’पेक्षा ही वाइन भरदार, तांबड्या फळांकडे झुकणारी. नुसत्या शिंपल्यांवर तिची बोळवण करू नये. भाजलेली कोंबडी, बदक, लोण्यात परतलेले मशरूम तिला पेलतात. त्याच मुलखातलं मऊ शाऊर्स चीज मिळालं, तर मी आधी तेच घेईन.