भाकरी, साखर आणि शरीराचा गंज

इतिहास म्हटला की आपल्या नगरात निजामशाही, भुईकोट किल्ला आणि चांदबिबी ही नावे आधी निघतात. ताटातल्या भाकरीलाही इतिहास आहे; तो सांगावयास सहसा कोणी उभा राहत नाही, म्हणून आम्ही हा विषय घेतला. आम्ही काही डॉक्टर नाही. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु चाळिशीतच मधुमेहाने आणि हृदयविकाराने खचलेले कामगार पाहिले, तेव्हा या प्रश्नाचा माग काढणे भाग पडले.

लोखंड हवेत गंजते, उघडे तेल खवट होते. दोन्हींचे कारण प्राणवायू. आपल्या शरीरातही अन्न प्राणवायूच्या साहाय्यानेच जळते आणि त्या जळणात काही चंचल कण निर्माण होतात. शास्त्रज्ञ त्यांना मुक्त मूलके म्हणतात. या कणांमुळे वार्धक्य येते, असा तर्क अमेरिकेतील डेनहॅम हारमन यांनी 1956 साली मांडला. त्यांना आवरणारे एक विकर शरीर स्वतःच तयार करते, हे 1969 साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखविले. पुढे 1985 साली जर्मनीचे हेल्मुट झीस यांनी या सर्व प्रकाराला नाव दिले : ऑक्सिडीकरणाचा ताण. हे कण थोडे असले तर उपयोगीच पडतात, रोगजंतू मारावयासही लागतात. त्यांची आवक आवरशक्तीपेक्षा वाढली, म्हणजे ताण पडतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. पर्जन्यछायेतला हा मुलूख. बाजरी-ज्वारीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, मटकीची आमटी, जवस-कारळ्याची चटणी, पावसाळ्यात तांदुळजा नि पाथरी, आणि गूळ सणासुदीला. सालासकट धान्य, कडधान्य, पालेभाजी आणि तेलबिया यांतून आवरशक्तीला लागणारी पुष्कळ द्रव्ये मिळतात. परंतु त्या काळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. 1876 ते 78 च्या दुष्काळात माणसे अन्नाविना मेली. 1972 च्या दुष्काळात आमच्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडली आणि सुकडीवर दिवस काढले. अर्धपोटी माणसाचीही आवरशक्ती क्षीणच असते.

1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी उसाला बळ दिले. 1950 साली लोणीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याने शेतकऱ्याच्या घरी पैसा आणला, मुलांना शाळा दिल्या. हे ऋण आम्ही मान्य करतो. मात्र शिवारात ऊस वाढला तशी बाजरी-हुलग्याची जागा आकसली. पुढे रेशनवर मुख्यत्वे गहू-तांदूळ आले. कपबशीतली साखर वाढली, डब्यात खारी आणि फरसाण आले. पाथर्डी-शेवगावचा ऊसतोड मजूर तर मिरचीचा ठेचा, भाकरी आणि चहा यांवर उसाच्या फडात राबतो. भाजी त्याच्या वाट्याला क्वचित येते. बारीक दळलेले पीठ आणि साखर एकदम पोटात गेली की रक्तातली साखर झपाट्याने चढते आणि त्या चढाबरोबर चंचल कणही वाढतात. विडीचा धूर हाच ताण आणखी वाढवितो.

मग गोळी घेऊन भागेल काय? तेही करून पाहिले गेले. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर गाजरातल्या बीटा-कॅरोटीनच्या आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा प्रयोग झाला. 1994 साली निष्कर्ष निघाला, तो उलटाच : बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी अधिक आढळला. याउलट स्पेनमध्ये ऑलिव्ह तेल, भाजीपाला, फळे आणि कडधान्ये असा सबंध आहार दिला, तेव्हा रक्तातल्या चरबीचे ऑक्सिडीकरण घटलेले 2007 साली दिसले. एकटे द्रव्य जे साधू शकले नाही, ते सगळ्या ताटाने साधले. आपल्याकडे ऑलिव्ह नाही; जवस, शेंगदाणे, मटकी आणि तांदुळजा आहेत.

मात्र एवढे ऐकून कोणी कामगाराला उपदेश करू लागेल, तर आम्ही त्याला अडवू. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला निवडून-शिजवून खाण्यास वेळ कोठला? तो जे स्वस्त आणि हाताशी असेल तेच खाणार. जिल्ह्याचे ताट कालव्याने, कारखान्याने आणि रेशनने बदलले. ते सुधारावयाचे तर त्याच मार्गांनी सुधारावे लागेल. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्य किलोला 1 रुपया दराने देण्याची तरतूद होती. तिचा अर्थ आपल्याच शिवारातली बाजरी आणि ज्वारी सरकारने खरीदून आपल्याच रेशन दुकानात विकणे, असा व्हावयास हवा होता. अकोल्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाण जपले, त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. बियाणे त्यांनी राखले. ते ताटापर्यंत पोहोचविणे हे आपले काम.

आम्ही आजवर पगाराच्या आणि पाळीच्या मागण्या लिहिल्या. यापुढे उपाहारगृहात भाकरी, उसळ आणि पालेभाजी मिळावी, हे कलमही मागणीपत्रात असेल. गंज चढू लागला की यंत्राला तेलपाणी करतात. माणसाला निदान तेवढे तरी मिळावे.